अकरा वर्षं ज्याला खुनी म्हणत आले, तो सुप्रीम कोर्टातून सुटला. आता धाकट्या बहिणीला काय सांगू?

कृष्णाकाठची

नमस्कार. मी मूळची कराडची, आता ठाण्यात राहते. प्रश्न लांबलाय. एका परिच्छेदात मावतो का ते तीनदा लिहून पाहिलं, नाही मावला.

जानेवारी २०१४. मी तेव्हा २३ वर्षांची. पहिली नोकरी पवईत, आणि राहायला भांडुपला, तिघी मैत्रिणींबरोबर एका खोलीत पेइंग गेस्ट. ५ तारखेच्या पहाटे आंध्रातून आलेली एक मुलगी कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसवर उतरली आणि नाहीशी झाली. तीही २३ वर्षांची, तीही आयटीतली. नाताळाची सुट्टी घरी काढून कामावर परतत होती. १६ जानेवारीला कांजूरमार्गजवळ, पूर्व द्रुतगती महामार्गालगतच्या झुडपांत तिचा मृतदेह मिळाला. आमच्या खोलीपासून ती जागा रिक्षाने फार तर पंधरा मिनिटांवर. तो महिनाभर आम्ही चौघी दूध आणायलाही जोडीने जायचो. आई रोज रात्री साडेनऊला फोन करायची आणि मी खोलीतच आहे याची खात्री म्हणून मैत्रिणीशी बोलायची.

मग तो स्टेशनच्या कॅमेऱ्यातला फोटो आला. ती चाललीय आणि तिच्याबरोबर एक माणूस. २ मार्चला पोलिसांनी एकाला अटक केली. त्याचा चेहरा मी टीव्हीवर पाहिला, मोबाइलवर आलेला पाहिला आणि पुढे पाठवला. कराडच्या घरच्या ग्रुपवर, कॉलेजच्या ग्रुपवर, ऑफिसातल्या मुलींना. वर लिहिलं होतं, 'बघून घ्या, डोळ्यांतच दिसतं.' फेसबुकवर लिहिलं होतं, 'असल्यांना कोर्टात न्यायचा खर्च तरी कशाला?' ती पोस्ट दर मार्चमध्ये आठवण म्हणून माझ्यापुढे येते. यंदाही आली.

यापुढचं लिहायला मला जास्त जड जातंय. अटकेनंतर सगळीकडे जी हकीकत फिरली ती तुम्हालाही आठवत असेल. तो तिला म्हणाला, तीनशे रुपयांत सोडतो. बाहेर आल्यावर तिला कळलं की टॅक्सी नाही, मोटरसायकल आहे. तरी ती बसली. ही हकीकत मी गेली अकरा वर्षं गावाकडून मुंबईला येणाऱ्या प्रत्येक मुलीला सांगत आले. मामेबहीण, शेजारच्या काकूंची मुलगी, ऑफिसात नव्याने लागलेल्या दोघी. सांगून झालं की शेवटी माझं ठरलेलं वाक्य असायचं, 'इतकी शिकलेली पोर, बसलीच कशी?'

२८ जानेवारी २०२५ ला सुप्रीम कोर्टाने त्या माणसाला निर्दोष सोडलं. बातमी मी लोकलमध्ये मोबाइलवर वाचली, आणि खरं सांगते, मनात पहिलं आलं ते 'काय हे कोर्ट!' दोन स्टेशनं गेली आणि विसरले.

आता माझी मावसबहीण ऐरोलीला नोकरीला लागलीय. कराडहून रात्रीच्या बसने निघाली की पहाटे साडेचारला चेंबूरच्या मैत्री पार्कला उतरते. मागच्या महिन्यात तिला मी तीच हकीकत त्याच शब्दांत सांगितली. तिने ऐकून घेतलं, रात्री मोबाइलवर शोधलं आणि सकाळी चहा घेताना म्हणाली, 'ताई, तो तर सुटलाय. मग मोटरसायकल कुणाची? तीनशे रुपये कुणी ठरवले? आणि ती बसली हे तुला कुणी सांगितलं?'

माझ्याकडे एकाचंही उत्तर नव्हतं.

कायद्यातलं कळणारं इथे कुणी असेल तर सांगा. त्याने केलं नाही असं कोर्ट म्हणतंय, की सिद्ध झालं नाही असं म्हणतंय? ती तीनशे रुपयांची हकीकत मुळात आली कुठून? आणि माझ्या त्या जुन्या पोस्टचं मी काय करू? कुणी बोल लावला तर लावू दे, मला खरं उत्तर हवंय.

(प्रश्नात मुलीचं नाव लिहिलं होतं. खालचा प्रतिसाद वाचून ते काढलं.)

काळा कोट, सातारा

ताई, नाव काढलंत ते चांगलं केलंत. बलात्काराच्या गुन्ह्यात पीडितेची ओळख उघड करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. आधी भारतीय दंड संहितेचं कलम २२८-अ होतं, आता न्यायसंहितेचं कलम ७२. मुलगी हयात नसली तरी तो नियम लागू राहतो, हे सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१८ मध्ये स्पष्ट केलं. तिचं नाव तेव्हा सगळ्या देशाने छापलं, बोर्डांवर लिहिलं. म्हणून आपणही लिहावं असं होत नाही. सुटलेल्या माणसाचंही नाव मी इथे लिहिणार नाही.

मी सत्र न्यायालयात २२ वर्षं फौजदारी खटले चालवतो, दोन्ही बाजूंनी चालवलेत. या खटल्याशी माझा संबंध नव्हता, निकाल मात्र वाचला आहे.

आधी क्रम सांगतो. मुंबईच्या सत्र न्यायालयाने ऑक्टोबर २०१५ मध्ये फाशी दिली. डिसेंबर २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली. सुप्रीम कोर्टात न्यायमूर्ती गवई, मिश्रा आणि विश्वनाथन यांच्यापुढे अपील चाललं आणि तिघांनी एकमताने शिक्षा रद्द केली. तोवर आरोपी जवळजवळ अकरा वर्षं आत होता आणि त्यातली नऊएक वर्षं फाशीच्या छायेत.

प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार कुणीच नव्हता, सगळा खटला परिस्थितीजन्य पुराव्यावर उभा होता. अशा खटल्यात काय लागतं ते सुप्रीम कोर्टाने १९८४ साली आपल्या पुण्यातल्याच एका प्रकरणात सांगून ठेवलंय. तिथेही एका तरुण विवाहितेचा मृत्यू होता, तिथेही नवऱ्याला खालच्या दोन्ही न्यायालयांनी फाशी दिली होती आणि सुप्रीम कोर्टाने सोडलं होतं. त्या निकालात पाच कसोट्या आहेत, न्यायालयाने त्यांना पंचशील म्हटलं. थोडक्यात, साखळीची प्रत्येक कडी स्वतंत्रपणे सिद्ध झाली पाहिजे आणि सगळ्या कड्या मिळून आरोपीशिवाय दुसरीकडे बोट जाता कामा नये. 'यानेच केलं असेल' आणि 'यानेच केलं' यांच्यामध्ये फार मोठं अंतर असतं, हे महाराष्ट्रातल्याच आणखी एका खटल्यात १९७३ सालीच सांगून झालंय.

इथल्या कड्या पाहा. तुम्ही जो फोटो पाठवलात, ती कॅमेऱ्याची चित्रफीत. तिच्यासोबत कायद्याला लागणारं प्रमाणपत्र दाखल झालेलं नव्हतं, म्हणून न्यायालयाने ती बाजूला ठेवली. दुसरी कडी न्यायबाह्य कबुलीची. म्हणजे आरोपी पोलिसांजवळ नव्हे, एका ओळखीच्या माणसाजवळ बोलल्याचं सांगितलं गेलं. त्यावर न्यायालयाचा विश्वास बसला नाही. उरलेल्या कड्या साखळी पूर्ण करण्याइतक्या भक्कम ठरल्या नाहीत. सरकार पक्षाच्या कहाणीत मोठमोठ्या फटी आहेत आणि अशा पुराव्यावर शिक्षा ठेवणं सुरक्षित नाही, असा एकूण सूर आहे.

आता तुमचा दुसरा प्रश्न, तीनशे रुपयांचा. त्या पहाटे स्टेशनबाहेर काय बोलणं झालं ते सांगायला ती मुलगी नाही. मग ते बोलणं तुमच्या कानापर्यंत यायला वाट कोणती उरते? आरोपी असं असं बोलला म्हणून जे बाहेर सांगितलं गेलं, ती एकच. अटकेच्या दुसऱ्या दिवशी 'आरोपीची कबुली' म्हणून जे छापून येतं त्याला कोर्टात शून्य किंमत असते. पोलिसांजवळ दिलेली कबुली १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम २५ ने चालत नव्हती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ नेही चालत नाही. मारून वदवून घेतलं जाऊ शकतं हे इंग्रज सरकारलाही माहीत होतं, म्हणून ते कलम घातलं. वाचणाऱ्याला मात्र ती कबुली प्रत्यक्ष पाहिल्यासारखी वाटते. त्यात रक्कम असते, वाहन असतं, संवाद असतात.

तेव्हा 'ती बसलीच कशी' या प्रश्नाला उत्तर नाही, कारण ती बसली हेच सिद्ध झालेलं नाही. तुमच्या बहिणीने बरोबर जागी बोट ठेवलं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं: न्यायालय 'याने केलं नाही' असा दाखला सहसा देत नाही, ते न्यायालयाचं कामच नाही. गुन्हा सिद्ध झाला नाही, की तो माणूस कायद्यापुढे तुमच्या-माझ्या रांगेत परत येतो. तुम्ही तो खून केला नाही असा दाखला तुमच्याकडे तरी आहे का? माझ्याकडे नाही.

भांडुपकर ७१

वकीलसाहेब, तुमचा मान ठेवून बोलतो, पण मला हे पटत नाही. मी कांजूर-भांडुपमध्येच वाढलो. दोन मुली आहेत, मोठी आता तेवढीच, २३ ची. त्या मुलीचा मृतदेह मिळाला त्याच सर्व्हिस रोडवरून मी तेव्हा रोज कामावर जायचो. ती झुडपं नंतर कितीतरी दिवस मला नजरेसमोर दिसायची.

दोन न्यायालयांनी पुरावे पाहिले, पहिल्याने तर साक्षीदार समोर उभे करून ऐकले, आणि दोघांनीही फाशीच ठरवली. वरच्या कोर्टाने एका कागदासाठी सोडलं. एक कागद नव्हता म्हणून! हे तिच्या आईबापांना कुणी समजावून सांगायचं? तुमचं पंचशील तुमच्याजवळ. मला एवढंच कळतं की मुलगी गेली आणि कुणालाच शिक्षा नाही. तुमच्या घरातली असती तर तुम्ही हेच लिहिलं असतं का?

काळा कोट, सातारा

भांडुपकर, माझ्याही घरात मुलगी आहे, पुण्यात शिकते. माझ्या घरातली असती तर मी काय लिहिलं असतं, मला सांगता येत नाही. म्हणूनच निकाल बापाने द्यायचा नसतो.

पण 'एक कागद' म्हणालात त्यावर बोलायला हवं. हा कागद काय असतो? ज्याच्या ताब्यात ते यंत्र आहे त्याने सही करून सांगायचं की ही नक्कल अमुक यंत्रातून, यंत्र नीट चालत असताना, अशा रीतीने काढली. एवढंच. एका पानाचं काम. कॅमेऱ्यात दिसणारी वेळ पंधरा मिनिटं पुढे-मागे असली, मधला तुकडा गाळला गेला, भलत्याच दिवसाचं चित्र जोडलं गेलं, तर पडद्यावर बघणाऱ्याला काहीच कळत नाही. म्हणून कुणीतरी जबाबदारी घ्यायची.

आणि हा नियम दिल्लीत बसून कुणी खुन्यांच्या सोयीसाठी काढलेला नाही. आपल्या जालन्यातला २०१४ च्या विधानसभेचा निकाल आठवा, अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले होते. त्यांचा उमेदवारी अर्ज मुदत संपल्यावर घेतला असा आक्षेप होता आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं चित्रण. त्यावरून वाद सुप्रीम कोर्टात गेला आणि १४ जुलै २०२० ला तीन न्यायमूर्तींनी सांगितलं की मूळ यंत्रच कोर्टात आणलं नसेल तर हे प्रमाणपत्र सक्तीचं. त्याआधी सप्टेंबर २०१४ मध्येही तेच सांगितलं होतं. म्हणजे हा खटला सत्र न्यायालयात निकालाला पोचण्याच्या वर्षभर आधी.

आमदारकीच्या भांडणात जो कागद लागतो, तो माणसाला फासावर चढवताना लागू नये?

राग येणं बरोबर आहे. मलाही येतो. पण राग कुणावर, ते बघा. ज्यांनी तो कागद घ्यायला हवा होता त्यांनी घेतला नाही. त्याने केलं असेल तर त्या ढिलाईमुळे खुनी सुटला. त्याने केलं नसेल तर २ मार्च २०१४ नंतर खऱ्या खुन्याचा माग काढायची गरजच कुणाला वाटली नाही. दोन्हीकडून मुलीचंच नुकसान झालं. आणि ज्या घाईत ही ढिलाई होते, त्या घाईमागे 'अजून अटक का नाही' म्हणून रोज ओरडणारे आपणही असतो.

नदीपल्याड

मी ब्रिस्टलमध्ये राहतो, इंग्लंडमध्ये, २००८ पासून. वरचं वाचून मला २०१० चा डिसेंबर आठवला.

आमच्या शहरातल्या क्लिफ्टन भागातून २५ वर्षांची एक लँडस्केप आर्किटेक्ट १७ डिसेंबरला बेपत्ता झाली. बर्फ पडत होता. नाताळच्या सकाळी शहराबाहेरच्या एका गल्लीच्या कडेला, बर्फाखाली तिचा मृतदेह मिळाला. घरी जाताना तिने दुकानातून एक पिझ्झा घेतला होता आणि तो घरात सापडला नाही. आम्ही सात-आठ मराठी कुटुंबं नाताळच्या सुट्टीत एकत्र जमलो होतो. पुरणपोळीच्या ताटावर दोन तास त्या पिझ्झ्याचीच चर्चा चालली होती. कुणी खाल्ला, खोका कुठे गेला, म्हणजे ओळखीचाच असणार. आज आठवलं तरी कसंसं होतं.

३० डिसेंबरला तिच्या घरमालकाला अटक झाली. निवृत्त इंग्रजीचा शिक्षक, ६५ वर्षांचा, एकटा राहणारा. पुढचे दोन-तीन दिवस वर्तमानपत्रांनी जे केलं ते मी रोज दुकानात उभा राहून वाचत होतो. त्याचे केस असे का, त्याला कविता कसल्या आवडतात, लग्न का केलं नाही. मीही घरी येऊन बायकोला म्हणालो, 'बघ ना, दिसतोच विचित्र.' विचित्र म्हणजे काय, तर केस निळसर दिसत होते.

१ जानेवारीला तो जामिनावर सुटला. २० जानेवारीला शेजारच्या फ्लॅटमधल्या इंजिनिअरला अटक झाली, ऑक्टोबर २०११ मध्ये त्याला जन्मठेप झाली, किमान २० वर्षं. देखणा, चांगल्या नोकरीतला, मैत्रिणीबरोबर राहणारा. आमच्या त्या ताटावरच्या चर्चेत त्याचा विचार एकदाही कुणाच्या मनात आला नव्हता. आणि घरमालकाची गाडी त्या रात्री जागेवरून हलली होती असं पोलिसांना फोन करून कुणी कळवलं होतं? याच इंजिनिअरने.

घरमालकाने आठ वर्तमानपत्रांवर बदनामीचा दावा लावला आणि जुलै २०११ मध्ये आठहींनी भरपाई दिली, माफी मागितली. शिवाय त्यातल्या दोघांना न्यायालयाच्या अवमानासाठी ५० हजार आणि १८ हजार पौंड दंड झाला. दंड कशासाठी हे महत्त्वाचं आहे. तो निरपराध निघाला म्हणून नव्हे. खटला चालला असता तर न्यायाच्या कामात गंभीर अडथळा यायचा धोका त्या मजकुराने निर्माण केला होता, म्हणून. इथे निकाल ज्युरीत बसलेली साधी माणसं देतात. आपल्याकडे ज्युरी नाही, न्यायाधीश निकाल देतात, पण साक्षीदार तर आपल्यातलेच असतात. त्यांनी टीव्ही पाहिलेला असतो.

टिळकनगरची

शेवटच्या वाक्यावर माझी मान हलली. माझे बाबा तीस वर्षं रिक्षा चालवत होते, टर्मिनसच्या रांगेत. या केसशी संबंध नाही, याच्या खूप आधीची गोष्ट आहे, मी सातवीत होते. एका मुलीच्या बाबतीत काहीतरी झालं आणि पोलिसांनी रांगेतले पाच-सहा रिक्षावाले उचलले. बाबांना दीड दिवस बसवून ठेवलं. कुठल्या ठाण्यात ते लिहीत नाही. मारलं नाही, चहाही दिला. मग खरा माणूस मिळाला आणि बाबांना 'जा घरी' म्हटलं.

घरी आले ते चालत आले, कारण रिक्षा ठाण्यातच अडकली होती. आमच्या चाळीत तोवर सगळ्यांना कळलं होतं. कुणी भांडलं नाही, कुणी तोंडावर काही बोललं नाही. फक्त नळावर माझ्या आईसाठी कुणी हंडा बाजूला सरकवेना. शेजारची ताई रोज बाबांच्या रिक्षाने क्लासला जायची, ती बसने जायला लागली. तिच्या आईने माझ्या आईला सांगितलं, 'तसं काही नाही हो, पण पोलीस उगाच कशाला उचलतील?'

ते 'उगाच कशाला उचलतील' आमच्या घरात वर्षभर राहिलं. खरा माणूस मिळाला हे पेपरात आलं होतं, बाबांनी ते कात्रण कापून रिक्षाच्या काचेजवळ चिकटवलं होतं. सगळ्यांनी वाचलं. पण 'आमचं चुकलं' असं आईला येऊन कुणी म्हटलं नाही, अगदी बाबा गेले तेव्हाही नाही.

म्हणून ताई, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे. पोस्ट गुपचूप पुसू नका. पुसली की तुमच्यापुरतं संपतं, ज्यांनी वाचली त्यांच्या डोक्यात ती तशीच राहते. ज्या ज्या ग्रुपवर पाठवलं होतं तिथे जाऊन लिहा की मी हे लिहिलं होतं आणि मला काहीही माहीत नव्हतं. त्याचा चेहरा असलेला फोटो मात्र काढा.

आणि वकीलसाहेब, एक विचारते. आरोपीच्या तोंडावर काळं फडकं घालतात ते कशासाठी? लोक म्हणतात त्याची लाज झाकायला.

काळा कोट, सातारा

ओळख परेडसाठी. तहसीलदारासारख्या दंडाधिकाऱ्यापुढे, साधारण आरोपीच्याच वयाच्या नि अंगकाठीच्या किमान सहा माणसांत त्याला उभं करतात आणि साक्षीदाराने 'हाच तो' असं ओळखायचं असतं. चेहरा आधी झाकला नाही, किंवा फोटो मोबाइलवर फिरला, की ती परेड वाया जाते. साक्षीदाराने त्या पहाटेचा माणूस ओळखला की कालच्या बातमीतला, हे कुणालाच सांगता येत नाही. बचावाचा वकील म्हणून मी स्वतः अशा परेडी पाडल्या आहेत. साक्षीदाराला फक्त विचारायचं, 'तुमच्या घरी टीव्ही आहे ना?'

म्हणजे भांडुपकर, आरोपी खरा असेल तर त्याचा फोटो फिरवणारा माणूस बचावाच्या वकिलाचंच काम सोपं करत असतो.

तुमच्या वडिलांचं वाचलं, ताई. मला लिहायला शब्द सुचत नाहीत.

भांडुपकर ७१

हे मला माहीत नव्हतं. फोटो मीही पाठवला होता, सोसायटीच्या ग्रुपवर. एका कागदाचं जे बोललो ते मागे घेत नाही, तो कागद हवा होता हे मान्य, पण मुलीला न्याय मिळाला नाही हे माझ्या मनातून जात नाही. टिळकनगरच्या ताई, तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे आभार. चार दिवस गेले, या काळात काय केलं ते सांगते.

फोटो काढला. फेसबुकवरची पोस्ट तशीच ठेवली आणि तिच्याखाली लिहिलं: 'हे मी मार्च २०१४ मध्ये लिहिलं. मला काहीही माहीत नव्हतं. ज्याच्याबद्दल लिहिलं त्याला सुप्रीम कोर्टाने निर्दोष सोडलं आहे. त्या मुलीबद्दल मी जे बोलत आले तेही चूक होतं, ती कुणाच्या गाडीवर बसली की नाही हे मला माहीत नाही.' घरच्या ग्रुपवरही तेच टाकलं. काकांचा लगेच फोन आला, 'म्हणजे तू त्याची बाजू घेतेस?' अर्धा तास बोललो. पटलं असं म्हणणार नाही, पण वकीलसाहेबांचं ते दाखल्याचं वाक्य सांगितल्यावर जरा थांबले.

त्या दोघी ऑफिसातल्या मुलींपैकी एक आता बंगळुरूला असते. तिला मेसेज केला. तिने लिहिलं की तिने ती हकीकत पुढे तिच्या धाकट्या भावाच्या बायकोला सांगितलीय, तशीच, माझ्या शेवटच्या वाक्यासकट.

मंगळवारी पहाटे मी स्वतः मैत्री पार्कला गेले होते बहिणीला घ्यायला. साडेचारची बस पाच वाजून दहा मिनिटांनी आली. बस थांबली की तीन-चार रिक्षावाले पुढे येतात, 'कुठे जायचं ताई' म्हणत. एरवी मी अंग चोरून घेते. त्या दिवशी त्यांच्यात पांढऱ्या मिशांचे एक काका होते आणि मला टिळकनगरची आठवली. त्यांच्याच रिक्षाने ठाण्याला आलो. लोकेशन नवऱ्याला पाठवून ठेवलं, रिक्षाचा नंबरही पाठवला, ते मी सोडणार नाही आणि बहिणीलाही सोडू देणार नाही. पण हे का करायचं ते सांगताना या वेळी त्या मुलीला मध्ये आणलं नाही.

घाटकोपर मागे पडल्यावर बहिणीनेच विषय काढला. विक्रोळी गेलं, कांजूर आलं, तो रस्ता आला. ती म्हणाली, 'मग ताई, तिला मारलं कुणी?' मी म्हटलं, माहीत नाही. मग तिने विचारलं, 'आता कुणी शोधतंय का?'

वकीलसाहेब, हे मला तुम्हाला विचारायचंय. आता शोधता येतं का?

काळा कोट, सातारा

त्याच माणसावर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालत नाही. दुसऱ्या कुणाविरुद्ध पुरावा मिळाला तर चालवता येतो. अकरा वर्षांनी साक्षीदार, वस्तू, कॅमेऱ्यातलं चित्रण, सगळंच अवघड असतं, ते तुम्हाला खोटं सांगत नाही. पण खुनाच्या गुन्ह्याला मुदत नसते. आज कुणी पुरावा घेऊन गेलं, तर 'उशीर झाला' म्हणून त्याला कायद्याने परत पाठवता येत नाही.